तिसऱ्या बेसवर

नऊ हजार पाचशे, जेवण धरून.
शिल्लक रजेचे पैसे आले त्यातून भरले,
घरी सांगितलं, योगा.
शर्ट मात्र लपवता आला नाही.
पाठीवर आडनाव, धुरी, हे एवढं मोठं,
खाली चोवीस.
सुगंधा म्हणाली, योगाला नंबर देतात?

कलिन्याचं मैदान, सकाळचे साडेसहा.
विमानं इतकी खालून जातात
की चाकं मोजता येतात.
आम्ही सतरा जण, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे.
दातांचे एक डॉक्टर,
केटरर कामत, पोटाला पट्टा बांधून,
भायखळ्याचे दोघं भाऊ, टाइल्सवाले, एकमेकांशी अबोला,
आणि मिस शेठना,
ज्यांनी पहिल्याच तासाला उंच उडालेला चेंडू
एका हातात घेतला
आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ पाहिलं.

कोच प्रणिता इंगोले, अमरावतीच्या,
राज्याकडून सॉफ्टबॉल खेळलेल्या, गुडघ्यात दोन स्क्रू.
मला उद्देशून त्यांचं पहिलं वाक्य:
काका, बॅट टाका.

टाकेचना.
चेंडू लागला की मूठ आपोआप आवळते,
गल्लीत शिकलेलं अंग,
बॅट पुढे धरून पळायचं, टेकली की वाचलो.
बॅट टाकणारा आमच्यात एकच होता, भिवा,
तो चिडून टाकायचा आणि घरी जायचा.
काका, टाका! ओ काका!
पहिल्या बेसवर पोचलो तो बॅटसकट,
दुसऱ्याची छत्री सांभाळत आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियम.
चार कोपरे. तीन कोपऱ्यांत उशीएवढी पोती,
पोत्यावर पाय आहे तोवर कुणी बाद करू शकत नाही.
चौथा, म्हणजे खरं तर पहिलाच,
जिथून निघालो तो. त्याला होम म्हणतात.
फिरून तिथंच यायचं. आलात की एक.
धाकटा टाइल्सवाला म्हणाला,
मग निघायचं कशाला?
थोरला हसला. फस्सकन. चहा सांडला.

मी नाही हसलो.
आम्ही संक्रमण शिबिरात आहोत, प्रतीक्षानगरला,
अकरा वर्षं.
लालबागची इमारत पाडली तेव्हा छत्तीस महिने म्हणाले होते.
तिथं आता खड्डा, खड्ड्यात पाणी,
पाण्यात एक बगळा, तो कायमचा.
देव्हारा अजून स्टुलावर आहे,
भिंतीत खिळा मारायचा नाही असं ठरलेलं,
कुणी ठरवलं आठवत नाही.
पाय टेकून उभे आहोत.
कुणी हात लावत नाही, एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी सामना.
शेवटची इनिंग, दोन बाद.
डॉक्टरांनी चेंडू टाकला तो संथ,
दुखणार नाही हां, म्हणत टाकावा तसा,
आणि लागला. खांद्यापर्यंत लागला.
बॅट कुठे गेली मला ठाऊक नाही,
कामत सांगतो, त्याच्या पुलावाच्या टोपावर.
पहिला गेला. दुसरा गेला.
हातात काही नाही,
आणि हातांना कळेना आता करायचं काय,
ते आपले पंख्यासारखे फिरत होते.
तिसऱ्यावर छातीवर पडलो, दातांत माती.
इंगोले ओरडल्या, सेफ!

पुढे थोरला टाइल्सवाला.
मी पोत्यावर एक पाय ठेवून वाकलेला,
सत्तावीस मीटरवर ते पांढरं, पाचकोनी,
खालची टोके घराच्या छपरासारखी, पण उलटी.
धाकटा ओरडत होता, दादा, बघून! दादा!
तीन फटके, तिन्ही हवेत.
संपलं.

सगळे मधे जाऊन हात मिळवू लागले.
मी जरा उशिरा गेलो.
आता चालत होमवर गेलं तरी मोजत नाहीत,
विचारून घेतलं होतं.

संध्याकाळी सुगंधानं शर्ट बादलीत टाकला,
पाणी विटकरी झालं.
म्हणाली, कुठपर्यंत गेलात?
म्हटलं, तिसऱ्यापर्यंत.
कितीपैकी?
चार.
शर्ट पिळत म्हणाली, बरं आहे की.